नव्वद दिवसांची ट्रायल आणि पाच सर्पिलं

मागच्या आठवड्यात एक काम संपलं, जे जानेवारीत सुरू करताना मला मनापासून वाटलेलं की हे आपल्याच्याने होणार नाही. मी गणित शिकवते, डिझाइन कधी शिकलेले नाही, थ्रीडी सॉफ्टवेअर तर आयुष्यात उघडलं नव्हतं. झालं असं की वर्गात एका मुलीने विचारलं, मॅडम ही दोन सर्पिलं वेगळी कशी, दोन्ही गोल गोलच फिरतायत की. मी फळ्यावर परत काढून दाखवली आणि परत काढली तरी ती सारखीच दिसली, कारण हाताने काढलेलं कुठलंही सर्पिल शेवटी हाताच्या सवयीचंच होतं. तेव्हा ठरवलं की पाच सर्पिलं अशी बनवायची जी खरोखर समीकरणातून आलेली असतील आणि थ्रीडी छापून मुलांच्या हातात देता येतील. ही त्याची पूर्ण गोष्ट, तारखांसकट, कारण मी शोधत होते तेव्हा मला तयार फाइल्स खूप मिळाल्या पण माणूस नेमका कुठे कुठे अडकतो ते कोणी सांगितलेलं सापडलं नाही.

सॉफ्टवेअर निवडण्यातच चार दिवस गेले. शेवटी राइनो आणि त्यातलं ग्रासहॉपर घेतलं. ग्रासहॉपर म्हणजे राइनोच्या आत चालणारी एक वेगळी खिडकी, तिथे तुम्ही रेघ काढत नाही, तर छोटे छोटे डबे ठेवता आणि त्यांना वायरींनी जोडता, एका डब्यातून आकडे निघतात, दुसऱ्यात बिंदू होतात, तिसऱ्यात वक्र. डेव्हिड रुटन यांनी २००७ मध्ये ते सुरू केलं आणि २०१८ च्या राइनो ६ पासून ते राइनोसोबतच येतं, वेगळं उतरवून घ्यावं लागत नाही. राइनोची ट्रायल ९० दिवसांची असते आणि त्या काळात सगळं चालतं, काही कापलेलं नसतं, पण ९० दिवस झाले की फाइल सेव्ह होत नाही आणि प्लगइन चालत नाहीत. माझी ट्रायल ६ जानेवारीला सुरू झाली, म्हणजे ६ एप्रिलला दार बंद. ईमेल द्या, ईमेलवर आलेला कोड टाका, अकाउंट बनवा, लॉगिन करून लायसन्स जोडा, एवढं करायला तासभर लागला. इथे एक सांगते, घड्याळ तिथूनच चालू होतं, त्यामुळे पुढचे तीन महिने रोज थोडा वेळ मिळणार असेल तेव्हाच सुरू करा. मी परीक्षेच्या पेपर तपासणीच्या तोंडावर सुरू केलं आणि पहिले बारा दिवस जवळपास वाया गेले.

राइनो उघडलं की पहिल्यांदा टेम्प्लेट विचारतं. तिथे घाईत काहीही निवडू नका. हातात मावणाऱ्या वस्तूंसाठी स्मॉल ऑब्जेक्ट्स, मिलिमीटर्स हेच घ्या, कारण टॉलरन्स त्यावरून ठरतो, म्हणजे दोन कडा किती जवळ आल्या की सॉफ्टवेअर त्यांना जुळलेल्या समजणार ते. हे मला मार्चमध्ये कळलं, का ते पुढे येईल.

१८ जानेवारीला खरं पहिलं सर्पिल घेतलं, आर्किमिडीजचं. सगळ्यात साधं, कोन जेवढा वाढेल तेवढ्याच प्रमाणात त्रिज्या वाढते, म्हणून दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, जशी जमिनीवर दोरी गुंडाळून ठेवतात तशी. मला अंतर ६ मिलिमीटर हवं होतं आणि वेढे १०. सूत्र म्हणजे त्रिज्या बरोबर ६ गुणिले कोन भागिले एका पूर्ण फेरीचा कोन. मी रेंज नावाचा डबा ठेवला, ० ते ३६०० अंश, ३६० भाग, त्रिज्या काढली, दोन्ही वायरी पोलर पॉइंटच्या डब्यात घातल्या, सगळे बिंदू इंटरपोलेटमध्ये. आणि स्क्रीनवर सर्पिलाऐवजी काटेरी जाळं आलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्यातिडव्या रेघा. दोन संध्याकाळी मी सूत्र तपासत बसले. सूत्र बरोबर होतं. ग्रासहॉपर कोन अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात घेतं, माझे १० अंश त्याने १० रेडियन म्हणून वाचले, १० रेडियन म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर जवळपास २१३ अंश, म्हणून प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूच्या जवळपास समोरच्या बाजूला जाऊन पडत होता. कोनाच्या इनपुटवर राइट क्लिक केलं की डिग्रीज असा पर्याय असतो, नाहीतर मध्ये रेडियन्सचा डबा टाकायचा. मी सगळीकडे रेडियनच ठेवायचं ठरवलं आणि फेऱ्यांचा स्लायडर वेगळा केला, फेऱ्या गुणिले २ पाय (π), बस, मग गोंधळाला जागा राहत नाही.

वायर जोडताना एक सवय मी पहिल्याच आठवड्यात लावून घेतली, प्रत्येक डब्यानंतर एक पॅनेल जोडायचा आणि आतले आकडे डोळ्यांनी बघायचे. डबा नारिंगी झाला तर इशारा, लाल झाला तर चूक, पण राखाडी आहे म्हणजे उत्तर बरोबर आहे असं नाही, माझं काटेरी जाळं पूर्ण राखाडी होतं. पॅनेलमध्ये बघितल्यावरच लक्षात आलं की रेंजला ३६० सांगितलं की तो ३६१ आकडे देतो, कारण ३६० हे तुकडे आहेत आणि त्यांच्या टोकांचे बिंदू एकाने जास्त. सीरिज मात्र सांगाल तेवढेच देते. एक रेंजमधून आणि एक सीरिजमधून आलेली यादी एकत्र जोडली की शेवटचा बिंदू चुकीच्या त्रिज्येवर जातो आणि सर्पिलाचं शेपूट वाकडं होतं.

आणखी एक, बिंदूंमधून वक्र काढायला दोन डबे दिसतात, नर्ब्स कर्व्ह आणि इंटरपोलेट. नर्ब्स कर्व्हला दिलेले बिंदू हे त्याचे कंट्रोल पॉइंट असतात, वक्र त्यांच्या जवळून जातो, त्यांच्यातून नाही. इंटरपोलेट बिंदूंमधूनच जातो. दिसायला दोन्ही गुळगुळीत, पण पहिल्यात तुमचं सर्पिल प्रत्येक वळणावर थोडं आत ओढलेलं असतं.

मला खात्री करायची होती म्हणून लांबी मोजली. आर्किमिडीज सर्पिलाच्या लांबीचं अचूक सूत्र आहे, त्याने माझ्या १० वेढ्यांची लांबी १८८७.५ मिलिमीटर येते. कागदावर झटपट अंदाज करायचा तर सगळ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भागिले वेढ्यांमधलं अंतर, म्हणजे पाय गुणिले ६० चा वर्ग भागिले ६, ते १८८५ येतं, अगदी जवळ. लेंग्थच्या डब्याने १८८७ च्या पुढे काहीतरी दाखवलं आणि त्या दिवशी, २३ जानेवारी, मला पहिल्यांदा वाटलं की हे होईल. अशी एक तपासणी प्रत्येक आकाराला शोधाच, जी सॉफ्टवेअरच्या बाहेरून येते, कारण स्क्रीनवर चुकीचं सर्पिलसुद्धा सुंदरच दिसतं.

त्याच आठवड्यात दोन तासांचं काम हातचं गेलं. मी राइनोची फाइल सेव्ह करत होते आणि मला वाटलं सगळं सेव्ह झालं. ग्रासहॉपरचा कॅनव्हास, म्हणजे ज्यावर डबे ठेवतो तो, ही वेगळी फाइल असते, ती वेगळी सेव्ह करावी लागते, आणि उलट कॅनव्हासमधला आकार राइनोत कायमचा उतरवायचा तर त्याला बेक करावं लागतं. दोन फाइली, एकच नाव, शेवटी तारीख, हे मी त्या दिवसापासून पाळलं.

वक्राला उभी भिंत देऊन त्याची वस्तू करायची वेळ आली तेव्हा अजून एक गोष्ट कळली जी मला गणितात माहीत असायला हवी होती. आर्किमिडीज सर्पिलात अंतर सारखं असतं ते केंद्रातून निघणाऱ्या रेघेवर, वक्राला काटकोनात मोजलं तर मध्याजवळ ते सहाच्या किंचित आत भरतं. काटकोनातसुद्धा अगदी सारखं अंतर हवं असेल तर वर्तुळाचा इनव्होल्यूट घ्यायचा, म्हणजे दांड्याला गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत नेला की त्याचं टोक जो मार्ग काढतं तो. स्क्रोल कंप्रेसरमध्ये एकमेकांत फिरणाऱ्या दोन भिंती असतात, त्या साधारण इनव्होल्यूटच्याच असतात, याच कारणाने. माझ्या हातातल्या मॉडेलला एवढी गरज नव्हती, मी आर्किमिडीजच ठेवलं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा लॉगरिदमिक सर्पिलाचा. यात प्रत्येक फेरीला त्रिज्या ठरावीक पटीने वाढते. मी पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं टाकलं, ई चा घात वगैरे, गुणक सुवर्ण सर्पिलाचा ०.३०६३, आणि फेऱ्यांचा स्लायडर आधीच्या फाइलमधून आलेला तसाच १० वर. स्क्रीन कोरी. सगळं दिसेल असा झूम केला तर एक सर्पिल दिसलं पण त्याच्या मध्यावर कितीही आत गेलं तरी संपेना. मग पॅनेल बघितला. सुवर्ण सर्पिल एका फेरीत ६.८५४ पट होतं, दहा फेऱ्यांत १ मिलिमीटरचं २२,८८,२६,१२७ मिलिमीटर झालेलं, म्हणजे जवळपास २२९ किलोमीटर त्रिज्या. मी तो आकडा वहीत लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिला. घातांकी वाढ मी इतकी वर्षं शिकवत आले, पण टेबलावर ठेवायची वस्तू एका स्लायडरने एवढी मोठी झालेली मी तेव्हाच पाहिली.

त्यानंतर मी तो गुणक काढूनच टाकला. स्लायडरला नाव दिलं एका फेरीत किती पट, आणि गुणक आतल्या आत काढला, त्या पटीचा नॅचरल लॉग भागिले २ पाय. हा बदल लहान वाटेल पण सगळं काम त्याने सोपं झालं, कारण ०.१७५ म्हणजे काय हे मला जाणवत नाही, तिप्पट म्हणजे काय हे लगेच जाणवतं. नॉटिलस या समुद्री जीवाच्या शिंपल्यात एका फेरीची वाढ साधारण तिप्पट असते. सुवर्ण सर्पिलाची ६.८५ पट. म्हणून नॉटिलसच्या फोटोवर सुवर्ण सर्पिल ठेवलेली जी चित्रं फिरत असतात त्यावर मी स्वतःही विश्वास ठेवला होता, स्लायडर ३ वरून ६.८५ वर नेला तेव्हा शिंपला डोळ्यासमोर उलगडून निघाला आणि विषय संपला.

याच सर्पिलात एक क्षण आला त्यासाठी सगळे तीन महिने मी परत करायला तयार आहे. तिप्पटवालं सर्पिल घेतलं, त्याची लाल रंगात कॉपी केली आणि केंद्रापासून ३ पट मोठी केली. लाल वक्र काळ्यावर अगदी बसला, एक फेरी बाहेर सरकून, मध्ये केसाएवढीही फट नाही. मग परत नवीन कॉपी, ती फक्त १.३१६ पट मोठी केली, म्हणजे ३ चं चौथं मूळ, आता ती पाव फेरी फिरवलेल्या मूळ सर्पिलासारखी दिसत होती, पाव फेरी उलट फिरवली आणि परत बसली. मोठं करणं आणि फिरवणं इथे एकच क्रिया आहे. याकोब बर्नुली या गणितज्ञाला हेच इतकं आवडलं होतं की त्याने याला अद्भुत सर्पिल म्हटलं आणि आपल्या थडग्यावर ते कोरावं असं ठरवलं. तो १७०५ मध्ये गेला, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला त्याचा दगड आहे, आणि कारागिराने त्यावर कोरलेलं सर्पिल आर्किमिडीजच्या वळणाचं झालंय, सारख्या अंतराचं. माझ्या फळ्यावर झालं ते हेच.

फिबोनाचीच्या (१, १, २, ३, ५, ८, १३ अशा बाजूंच्या) चौकोनांतून काढतात ते सर्पिलही करून बघितलं, ते पाव वर्तुळं जोडून होतं. दिसतं गुळगुळीत, पण राइनोत कर्व्हेचर ग्राफ नावाची कमांड आहे, ती वक्रतेचे उभे काटे दाखवते, आणि तिथे सरळ जिने दिसले. ८ च्या चौकोनातून १३ च्या चौकोनात जाताना वक्रता एका बिंदूवर एकअष्टमांशवरून एकतेरांशवर उडी मारते. खऱ्या लॉगरिदमिकला काटे हळूहळू उतरत जातात. बोट फिरवलं तर फरक कळणार नाही, पण चकचकीत पृष्ठभाग केला तर उजेड त्या जोडांवर तुटतो. म्हणून पाचांत ते घेतलं नाही.

१६ फेब्रुवारीला सूर्यफूल. हे वाटतं अवघड आणि आहे सगळ्यात सोपं. हेल्मुट फोगेल यांचं १९७९ चं मॉडेल दोन ओळींचं आहे, n क्रमांकाची बी ठेवायची n गुणिले १३७.५०८ अंशांवर, आणि केंद्रापासून अंतर n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सीरिज, एक गुणाकार, एक वर्गमूळ, पोलर पॉइंट, झालं, वीस मिनिटं. ५०० बिया ठेवल्या आणि कडेला मोजलं तर एका बाजूला वळणाऱ्या रांगा ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५, मी त्या सांगितल्याच नव्हत्या, त्या आपोआप आल्या. कोनाचा स्लायडर १३८ वर नेला की सगळं विस्कटून आरे दिसायला लागतात. मग वाटलं १३७.५ च ठेवावा, सोपा आकडा. १००० बियांपर्यंत फरक फारसा कळत नव्हता, ३००० केल्यावर कडेला केंद्रापासून निघालेल्या सरळ रांगा उठून दिसल्या. कागदावर करून बघितलं तर १३७.५ गुणिले १४४ म्हणजे १९८००, म्हणजे बरोबर ५५ फेऱ्या, त्यामुळे प्रत्येक १४४ वी बी त्याच रेघेवर परत येते. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत का लिहितात हे मला त्या दिवशी समजलं. ग्रासहॉपरच्या स्लायडरला दशांश स्थळं वाढवून घ्यावी लागतात, डबल क्लिक केलं की ते सेटिंग मिळतं.

बियांचे गोळे करून तबकडीला जोडायला गेले तेव्हा मात्र लॅपटॉप पाऊण तास थिजला. ५०० गोळ्यांचं एकत्रीकरण स्लायडरच्या प्रत्येक हालचालीला नव्याने सुरू होत होतं. काम करताना बिया ३० ठेवा, सगळं जुळलं की शेवटी ५०० करा, आणि जड डबे जोडण्याआधी सॉल्व्हर, म्हणजे ग्रासहॉपरचं आपोआप चालणारं गणित, लॉक करून ठेवा.

चौथं सर्पिल सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं, २२ फेब्रुवारी ते ४ मार्च. ऑयलरचं सर्पिल, ज्याला क्लोथॉइड म्हणतात, रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून वळणात नेताना याच्या जवळचा वक्र वापरतात, कारण यात वक्रता अंतराच्या प्रमाणात एकसारखी वाढत जाते, गाडीला एकदम झटका बसत नाही. अडचण अशी की याच्या बिंदूंसाठी थेट सूत्र नाही, संकलन करावं लागतं. मी आठवडाभर कुठेतरी तयार डबा मिळेल म्हणून शोधत राहिले, शेवटी लक्षात आलं की आपण वर्गात संकलन जसं शिकवतो तसंच करायचं, छोट्या पावलांची बेरीज. अंतराचे बारीक तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला दिशा म्हणजे अंतराचा वर्ग भागिले २, दिशेचा कोसाइन गुणिले पाऊल आणि साइन गुणिले पाऊल, आणि दोन्ही याद्या मास ॲडिशनच्या डब्यात. त्याला दोन आउटपुट असतात, एक पूर्ण बेरीज आणि दुसरं पार्शल रिझल्ट्स, म्हणजे इथपर्यंतची बेरीज, आणि तेच आपले बिंदू. दिशा तुकड्याच्या सुरुवातीची न घेता मधली घेतली की त्याच पावलांत चूक खूपच कमी होते.

तपासायला आकडा होता. हे सर्पिल अनंत वेळा फिरत एका डोळ्याभोवती घट्ट होत जातं, आणि या मापात तो डोळा आडवं ०.८८६ आणि उभं ०.८८६ अंतरावर असतो, पायचं वर्गमूळ भागिले २. ऑयलरला हा बिंदू १७८१ मध्ये सापडला, म्हणजे त्याने हा वक्र पहिल्यांदा मांडल्यावर साडेतीन दशकांहून जास्त काळाने. मी अंतर १० पर्यंत नेलं, ४० पट मोठं केलं आणि ३५.४ वर एक बिंदू ठेवला, आतली वळणं बरोबर त्याच्याभोवती बसली. छापायला मात्र १० पर्यंत जाता येत नाही, तिथे दोन वळणांत पाव मिलिमीटर उरतो. ५ वर थांबवलं, तिथे साधारण २ मिलिमीटरची फट मिळते.

पाचवा शंख. डेव्हिड राउप यांनी १९६६ मध्ये शंख शिंपल्यांचे आकार मोजक्या आकड्यांत मांडले होते, तोंडाचा आकार, एका फेरीत किती पट, अक्षापासून किती दूर, आणि अक्षावर किती खाली सरकतो. मी आधी मार्ग काढला आणि त्यावर वर्तुळं बसवून लॉफ्ट केलं, म्हणजे वर्तुळांवरून पृष्ठभाग ताणला, तर पृष्ठभाग पिळवटलेल्या कपड्यासारखा आला, कारण प्रत्येक वर्तुळाचा सुरुवातीचा बिंदू वेगळ्या जागी होता. मग उलट केलं, एकच वर्तुळ घेतलं आणि त्याच वर्तुळाला दर पावलाला फिरवलं, मोठं केलं, मोठं करताना केंद्र कायम शंखाचं टोक. त्यामुळे सुरुवातीचे बिंदू आपोआप एका रांगेत आले आणि लॉफ्ट पहिल्या फटक्यात स्वच्छ. खाली सरकण्याचा आकडा शून्य ठेवला की चपटा नॉटिलससारखा, वाढवला की उंच निमुळता शंख. मी एक संपूर्ण संध्याकाळ फक्त तो स्लायडर हलवत बसले होते, मुलांनाही दुसऱ्या दिवशी हलवू दिला.

आता छपाई. माझ्याकडे प्रिंटर नाही, म्हणून ९ मार्चला पाचही फाइली एका सेवेकडे ऑनलाइन पाठवल्या. अर्जात मटेरिअल, थराची जाडी, युनिट, भरीवपणा, सगळं भरायचं होतं. १२ तारखेला तीन फाइली परत आल्या. सूर्यफुलाची फाइल ८३ एमबी होती आणि त्यांची मर्यादा ५० ची. छापायला देतात ती एसटीएल फाइल पृष्ठभाग त्रिकोणांत साठवते, बायनरी एसटीएल फाइलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे माझ्या फुलात सोळा लाखांवर त्रिकोण होते. गोळ्यांचे अर्धगोळे केले, मेश (त्रिकोणांची जाळी) जाड केला, प्रत्येक बीला ३०० त्रिकोण, फाइल साडेसात एमबीवर आली आणि हाताला फरक कळत नाही. लॉगरिदमिकची भिंत मध्याशी फार बारीक होती, त्यांना किमान ०.८ मिलिमीटर हवी होती. मी भिंतही सर्पिलाबरोबर लहान होऊ दिली होती, गणिताला धरून ते बरोबर पण छापता येत नाही, म्हणून जाडी सगळीकडे १.२ केली. आणि शंख बंद नव्हता. राइनोत शो एजेस म्हणून कमांड आहे, त्यात नेकेड एजेस निवडलं की उघड्या कडा रंगीत दिसतात, शंखाच्या टोकाशी एक इवलीशी रेघ चमकत होती, केसाएवढी फट. मी ती फाइल नवीन बनवताना घाईत मोठ्या वस्तूंचं टेम्प्लेट निवडलं होतं, म्हणून सुरुवातीला टॉलरन्सचं सांगितलं. टोक १ मिलिमीटरला कापलं, दोन्ही तोंडं कॅप केली, म्हणजे झाकली, बंद झालं. कॅप सपाट तोंडालाच बसते हे लक्षात ठेवा.

१७ मार्चला परत पाठवलं. युनिट परत परत तपासलं, कारण एसटीएल फाइलमध्ये युनिट लिहिलेलंच नसतं, फक्त आकडे असतात, समोरच्याने इंच समजले तर वस्तू २५ पट होते. २६ तारखेला पार्सल आलं. पाच तुकडे मिळून दीडशे ग्रॅमच्या आत. क्लोथॉइडचं सरळ टोक पेटीतच मोडलेलं होतं, ते खालून पातळ पट्टी देऊन परत करून घेतलं, त्याला अजून पाच दिवस. माझा वेळ मी वहीत लिहीत होते, तो सगळा मिळून ११४ तास झाला, त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्या आणि चौथ्या सर्पिलावर.

४ आणि ५ एप्रिल हे दोन दिवस फक्त आवरायला ठेवले होते आणि ते तुम्हीही ठेवा. सगळं बेक केलं, राइनो, स्टेप आणि एसटीएल तिन्हीत काढून ठेवलं, प्रत्येक कॅनव्हासचा फोटो घेतला, आणि सूत्रं वहीत हाताने उतरवली, स्लायडरच्या शेवटच्या आकड्यांसकट. आर्किमिडीज आणि सूर्यफूल ओपनएसकॅडमध्ये (OpenSCAD) परत लिहून बघितलं, ते मोफत आहे आणि त्याला मुदत नाही, सगळं अक्षरांत लिहावं लागतं पण सूत्र हातात असेल तर दहा ओळींत होतं. फक्त तिथे साइन, कोसाइन अंशांत चालतात, रेडियनची सवय लागलेल्या मला पहिल्याच दिवशी परत काटेरी जाळ्याच्या उलटं काहीतरी दिसलं, दहा फेऱ्यांऐवजी जेमतेम ६३ अंशांची छोटी कमान. यावेळी दोन मिनिटांत कळलं.

८ एप्रिलला वर्गात नेली. जिने प्रश्न विचारला होता तिच्याच हातात दोन दिली, डोळे मिटायला सांगितलं. तिने अंगठ्याचं नख मध्यापासून बाहेर ओढत नेलं, भिंत, फट, भिंत, फट, आणि म्हणाली याच्या फटी सारख्या आहेत आणि याच्या वाढत जातायत. थोडं थांबून विचारलं, मॅडम, बाहेर जाताना फटी कमी होत जाणारं नसतं का? आहे की, फर्माचं, त्रिज्या कोनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, सूर्यफुलाच्या बियांखाली तेच दडलेलं आहे, मी स्वतः टाकलं होतं आणि मला ते वेगळं सर्पिल म्हणून सुचलंच नव्हतं. ट्रायल संपली होती. मधल्या सुट्टीत ओपनएसकॅड उघडून आर्किमिडीजच्या ओळीत कोनाच्या जागी कोनाचं वर्गमूळ लिहिलं, आणि ती मागे उभी राहून फटी मोजत होती.